बारा पोरींचं कापड

पुष्पा उशीच्या अभ्र्याला शेवटची टीप घालत होती, तेवढ्यात कांता ओट्यावरून उडी मारून थेट घरात आली. दप्तर एकीकडे, चपला दोन दिशांना, आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसताच आवाज.

"अगं, काय झालं?" पुष्पाने पायडलवरचा पाय उचलला.

"वहिनी, जिंकलो! भोकरदनला पहिले आलो! आता जालन्याला, जिल्ह्याला!"

कांता पुष्पाची धाकटी नणंद. नववीत होती आणि हसनाबादच्या शाळेतल्या मुलींच्या खो-खो संघाची कप्तान होती. गावातल्या मुलींचा कुठलाच संघ आजवर जिल्ह्यापर्यंत गेला नव्हता. सत्त्याण्णव सालच्या नोव्हेंबरात तो गेला, आणि ही बातमी घरात आणणारी पोरगी धापा टाकत, गुडघ्यावरची माती न झटकता समोर उभी होती. पुष्पाने तिचे दोन्ही हात धरले आणि दोघी मशीनभोवती गरगर फिरल्या. ज्वारी पाखडत बसलेल्या द्वारकाबाईंनी सूप बाजूला ओढलं.

"अगं हळू! माझी ज्वारी सांडवाल," सासूबाई म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या.

दम खाल्ल्यावर कांताचं तोंड उतरलं. "पन वहिनी, जिल्ह्याला एकसारखे कपडे लागतेत. न्हाई तर मैदानातच घेत न्हाईत म्हणे."

संध्याकाळी रामकिसन सर स्वतः घरी आले. खेळ शिकवणारे हेच, आणि मुलींच्या मागे लागून संघ उभा करणारेही हेच. त्यांनी गावातून वर्गणी जमवली होती, जालन्याहून तयार टी-शर्ट आणि हाफपँटी आणायचं ठरवलंही होतं. पण तीन मुलींच्या वडलांनी साफ सांगितलं होतं, हाफपँट घालून पळायचं असेल तर आमची पोरगी घरीच राहील.

"तिघी गेल्या तर संघ कसला उरतो?" सर म्हणाले. "त्यातल्या दोघी माझ्या सगळ्यात चपळ पोरी आहेत."

पुष्पा दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती काय बोलणार आहे हे तिचं तिलाच बोलून झाल्यावर कळलं.

"मी शिवते सर. गुडघ्याच्या खाली येईल अशी विजार, आन वर अर्ध्या बाहीचा सैल शर्ट. मंग कोन न्हाई म्हणंल?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, मशीनवरच्या अभ्र्याकडे पाहिलं. "आतापर्यंत काय काय शिवलंत?"

"झबली," पुष्पा म्हणाली. "अभ्रे. दोन परकर."

कांता मागून ओरडली, "सर, वहिनीला येतं!"

सामन्याला तेरा दिवस होते. सरांपुढेही दुसरा रस्ता नव्हता. त्यांनी वर्गणीचा रुमाल तसाच तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "बारा पोरी आहेत. कप्तानाच्या शब्दावर देतोय."

सर गेल्यावर पुष्पाला आधी घाम फुटला आणि मग हसू फुटलं. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत तिला कुणी एवढं मोठं काम विश्वासाने दिलं नव्हतं. मशीन नवऱ्याने, बद्रीनाथने, जुनं घेऊन दिलेलं. तो जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला, आठवडाभर तिकडेच खोली करून राहायचा. दुपारची कामं उरकली की पुष्पा बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात सगुणाबाईंच्या शिवणवर्गाला जायची. तीन महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती सगुणाबाईंकडे धावली. पन्नाशीच्या, दोऱ्याने बांधलेला चष्मा लावणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "कापड कोन्तं घेणार?"

"कांता म्हणती लाल घ्या. चकचकीत. लांबून दिसंल असं."

"रंग मंग बघू. आधी मैदानावर जाऊन ये. पोरी खेळताना काय काय करतेत ते नीट बघ, आन मंग कापड घ्यायला जा."

"बाई, बस चुकंल. आज जालन्याला गेलं तरच जमतंय. पोरी पळतेत, दुसरं काय करतेत?"

सगुणाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. पण बसचा हॉर्न ऐकू आला आणि पुष्पा पळालीच.

जालन्याच्या स्टँडवर बद्रीनाथ उभा होता; 'पुष्पा येतीय' एवढाच निरोप रात्री मिलच्या फोनवर गेला होता. रात्रपाळी करून तसाच आलेला, डोळे लाल. पण बायकोचं ऐकून त्याचीही झोप उडाली. "बारा जोड? तू?" तो दोनदा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्यात अभिमान होता. दोघं बाजारातल्या एका मोठ्या कापड दुकानात शिरले. पांढऱ्या गादीवर एक म्हातारे, पांढऱ्या दाढीचे विक्रेते बसले होते. दुकानातली सगळी माणसं त्यांना चाचा म्हणत.

"काय दाखवू, बेटी?"

"लाल, चकचकीत. पोरींचे बारा जोड शिवायचेत."

"गॅदरिंगसाठी ना? मंग हे बघ." चाचांनी एका ताग्याला झटका दिला आणि लाल साटन गादीवरून पाण्यासारखं वाहत तिच्या पुढ्यात आलं. पुष्पाने हात ठेवला. बोटं घसरत होती. गार, गुळगुळीत, आणि दाराच्या उजेडात असं चमकत होतं, की पलीकडे साड्या बघणाऱ्या दोन बायकाही वळून बघायला लागल्या. बारा पोरी हे घालून मैदानात उतरल्यात असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"हेच," ती म्हणाली. गॅदरिंग नव्हे, खो-खो आहे, हे सांगायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर पहिली गडबड कात्रीने केली. जमिनीवर अंथरलेलं साटन एका बाजूने सरळ करावं तर दुसऱ्या बाजूने निसटायचं. पुष्पाने चारी कोपऱ्यांवर पितळी तांबे ठेवले, तरी कापताना रेघ वाकडी गेली. मशीनवर दोन पदर एकमेकांवर थांबेनात. वरचा पुढे, खालचा मागे. टिपेला चुण्या पडल्या. तिने तीनदा उसवलं, चौथ्यांदा शिवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कांताची विजार तयार केली.

कांताने ती घातली आणि अंगणात आली. लालभडक. शेजारच्या बायका ओट्यावर आल्या. कांता टाचांवर गिरकी घेऊन म्हणाली, "आता बघा!" आणि खो-खोत बसतात तशी एक गुडघा वाकवून, एक पाय मागे ताणून, झटक्यात खाली बसली.

चर्र.

ओट्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं. कांताने दोन्ही हात मागे लावले आणि तशीच पाठमोरी न होता घरात पळाली. आतून रडवेला आवाज आला, "वहिनी, मी न्हाई घालणार हे!"

पुष्पाने विजार हातात घेतली. तिला वाटलं होतं दोरा तुटला असेल. पण दोरा शाबूत होता, तिची टीप जागच्या जागी होती. कापडच टिपेपासून सरकलं होतं. आडवे धागे उभ्या धाग्यांवरून घसरून एकीकडे गोळा झाले होते आणि मधे नुसते उभे धागे राहिले होते, कंगव्याच्या दातांसारखे. खरं तर रडू यायला हवं होतं. उरलेलं सगळं लाल कापड कोपऱ्यात पडलं होतं आणि दिवस उरले होते अकरा. पण तिला ते बघून नवलच वाटलं. कापड असंही वागतं? ती विजार घेऊन तशीच समाजमंदिराकडे निघाली.

सगुणाबाईंनी ती उजेडात धरली. "मी सांगितलं होतं" असं त्या म्हणाल्या नाहीत. कडेचा एक धागा ओढून त्यांनी पुष्पाच्या बोटावर ठेवला. "हा बघ, कसा गुळगुळीत. हे धागे एकमेकाला धरून राहत न्हाईत. ताण पडला की सरकले. नाचायला चालतं, उभं राहायला चालतं. बसायला न्हाई. गेल्तीस का मैदानावर?"

"न्हाई."

"मंग जा."

या वेळी पुष्पा गेली. शाळेमागच्या मैदानावर कडुनिंबाखाली बसली आणि तासभर हलली नाही. तिने आयुष्यात खो-खो पाहिला होता, पण असा कधी पाहिला नव्हता. आता ती पोरींकडे बघतच नव्हती, त्यांच्या कपड्यांकडे बघत होती. आठ जणी ओळीत बसायच्या, गुडघा जमिनीला, आणि पाठीवर थाप पडून "खो" ऐकलं की स्प्रिंगसारख्या उडायच्या. त्या क्षणी सगळा ताण बैठकीवर यायचा. खांबाला हात घालून वळताना काखेत कापड ओढलं जायचं, फ्रॉकची शिवण तिथेच उसवायची. एक ठेंगणी पोरगी सूर मारून पडली तेव्हा गुडघे, कोपर आणि पोट मातीवर हातभर घासत गेलं. अर्ध्या तासात सगळ्यांच्या पाठी ओल्या झाल्या. कुणाचा स्कर्ट मांड्यांना चिकटला, कुणी धावता धावता तो हाताने सोडवत होती, आणि तेवढा एक हात गुंतला की गडी निसटत होता.

पुष्पा उठून उभी राहिली. तिला ओरडावंसं वाटत होतं. कापडाने काय काय करायला हवं हे तिला आता दिसत होतं, जणू समोर कुणी लिहून दाखवलं होतं.

"बाई!" ती समाजमंदिराच्या पायरीवरूनच म्हणाली. "वरचं वेगळं आन खालचं वेगळं पायजे! खाली घट्ट विणीचं, जमिनीवर घासलं तरी न फाटणारं. वर पातळ, घाम पिणारं. आन दोन्ही बी न घसरणारी!"

सगुणाबाई पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. "आता तू जालन्याला जा. पन थांब."

त्यांनी पेटीतून चार-पाच तुकडे काढले. संध्याकाळपर्यंत पुष्पा त्या तुकड्यांशी खेळत राहिली. मुठीत आवळून सोडायचे आणि बघायचं, सुरकुती किती पडते. दिव्यासमोर धरायचे, वीण किती दाट आहे ते कळतं. एक तुकडा बाईंनी दोन्ही हातांत धरून खसाखसा चोळला. पांढरी पूड पडली आणि मघाशी जाडजूड वाटणारा तुकडा जाळीसारखा लुळा पडला. "ही खळ," बाई म्हणाल्या. "दुकानात कापड कडक दिसतं, घरी धुतलं की चिंधी. चोळल्याबिगर घ्यायचं न्हाई." मग त्यांनी दोन धागे काढले आणि काडी लावली. एक कागदासारखा जळून राख झाला. दुसरा आक्रसला आणि त्याच्या टोकाला काळा मणी झाला. "राख झाली ती रुई, आपला कापूस. मणी झाला तो पॉलिस्टर. घाम रुई पिती, मणी न्हाई पीत."

पुष्पाने तो काळा मणी कितीतरी वेळ बोटात फिरवला.

सकाळी ती एकटीच बसमध्ये चढली. जालन्याच्या बाजारात एकटीने जाण्याची ही तिची पहिलीच वेळ. बद्रीनाथची आता दिवसपाळी होती, आणि खरं सांगायचं तर तिला आज सोबत नकोच होती. मांडीवर न कापलेल्या लाल साटनचं गाठोडं होतं. चाचांपुढे ते ठेवताना मात्र तिचा चेहरा तापला.

"चाचा, हे परत घ्याल का? माझीच चूक हाय. मी सांगितलं न्हाई. पोरी खो-खो खेळणार हेत."

"खो-खो?" चाचांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! साटनमधी खो-खो! बेटी, पहिले बोलायचं ना!" मग गाठोडं उघडून त्यांनी कडा तपासल्या. "न कापलेलं बराबर हाय. घेतो. बोल, आता काय दाखवू?"

"विजारीला घट्ट विणीचं सुती. ड्रिलसारखं. पन फार जाड नको, माझी मशीन जुनी हाय आन मी नवी."

चाचांनी तिच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं आणि निळ्या ड्रिलचा तागा टाकला. पुष्पाने कोपरा धरला आणि दोन्ही हातांनी चोळायला सुरुवात केली. गादीवर पांढरी पूड पडली.

"ह्यात खळ हाय, चाचा."

दुकानातले बाकीचे विक्रेते बघायला लागले. चाचा मिशीत हसले, तो तागा उचलला आणि मागच्या फळीवरून दुसरा काढला. या कापडावर बारीक तिरप्या रेघा होत्या. चोळलं, काही पडलं नाही. मुठीत आवळून सोडलं, ते आपलं आपण उलगडलं. तिने एक कोपरा दोन्ही अंगठ्यांनी टिपेजवळ ताणावा तसा जोरात ताणला. धागे जागचे हलले नाहीत.

"चाचा, काडीपेटी मिळंल का?"

"दुकान जाळती का काय?"

सगळे हसले, पण काडीपेटी आली. पुष्पाने कडेचा एक धागा ओढला, दुकानाच्या पायरीवर गेली आणि पेटवला. पिवळी ज्योत, कागद जळल्याचा वास, बोटावर मऊ राख. ती तशीच राखेचं बोट उंच धरून आत आली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की एक गिऱ्हाईक बाई आपल्या ब्लाउजपीसचा धागा ओढू लागली.

लाल रंग त्या ड्रिलमध्ये नव्हता. खाकी, पांढरा आणि गर्द निळा. तिने निळा घेतला. शर्टासाठी पातळ सुती पॉपलीन. पिवळं आवडलं होतं, पण ओल्या रुमालाने घासलं तेव्हा रुमाल पिवळा झाला. बारा पोरींचा घाम आणि हा रंग! शेंदरी पॉपलीनने मात्र रुमालाला काही लावलं नाही, दोनदा घासून पाहिलं. दिव्याकडे धरलं तर वीण एकसारखी दिसली. चाचांनी गजाने मापताना विचारलं, "पन्हा मोठा हाय, रुंदीला कमी पडणार न्हाई. किती टाकू?" पुष्पाने एका पोरीला लागणारं माप सांगितलं आणि म्हणाली, "वर थोडं जास्त. धुतल्यावर आटंल ना."

"कुठं शिकली ग हे?"

"कालपासून शिकायला लागले," पुष्पा म्हणाली, आणि ते खरंच होतं.

घरी कांताने गाठोडं उघडलं आणि तोंड वाकडं केलं. "लाल?"

"लाल नाचायला. हे जिंकायला. हात लावून बघ." कांताने हात लावला, मग ओढून पाहिलं, मग दातात धरून ओढलं. काही झालं नाही. "वहिनी, हे तर फाटतच न्हाई!"

सगळं कापड आधी बादलीत भिजवलं. दुपारी ओट्यापासून समोरच्या बाभळीपर्यंत दोरी बांधून वाळत टाकलं तेव्हा अर्धी गल्ली निळी आणि शेंदरी झाली. वाळल्यावर पुष्पाने मोजलं. पॉपलीन चांगलं चार बोटं आटलं होतं. आधी कापलं असतं तर पहिल्या धुण्यात सगळे शर्ट पोरींच्या पोटावर चढले असते. ती एकटीच टाळी वाजवून हसली.

पहिलं कटिंग सगुणाबाईंनी समोर बसून करवून घेतलं. कापड गुमान पसरून राहिलं, सरकलं नाही, रेघ मारली तिथेच कात्री गेली. शिवणीच्या आत सगळीकडे दोन बोटं जादा कापड, म्हणजे माया, ठेवली. बैठकीत दोन्ही पायांच्या मधे बाईंनी चौकोनी जोड टाकायला शिकवला, म्हणजे पाय कितीही ताणला तरी कापडाला जागा राहते. वर दुहेरी टीप. मशीन आज वेगळंच चालत होतं. दोन्ही पदर एकमेकांना धरून सुईखालून पुढे सरकत होते, आणि टीप अशी सरळ पडत होती, की पुष्पाला ती थांबून थांबून बघावीशी वाटायची.

निळी विजार घालून कांता अंगणात आली तेव्हा शेजारणी पुन्हा ओट्यावर होत्या. कांता बसली. उठली. बसली. दोन्ही पाय ताणले. मग कुणी काही म्हणायच्या आत तिने अंगणात आडवा सूर मारला आणि कोंबड्या ओरडत पळाल्या. उठली तेव्हा गुडघे मातीने माखलेले. विजार जशीच्या तशी.

"फाटली का?" पुष्पा ओरडली.

"न्हाई!"

"अजून मार!"

तिसऱ्या सुरानंतर द्वारकाबाई पुढे आल्या. पोरींच्या विजारी म्हटल्यावर पहिल्या दिवशी त्यांनीही नाक मुरडलं होतं. त्यांनी कांताला समोर उभं केलं, विजारीचा पाय ओढून गुडघ्याखाली किती येतो ते पाहिलं. "स्कर्टापेक्षा हे चांगलं झाकतं की," त्या म्हणाल्या. "दे इकडं, नाड्या मी ओवते." आणि त्या दिवसापासून एकेक विजार तयार झाली की सूप बाजूला ठेवून त्या नाडी ओवायला बसू लागल्या.

मग घरात जत्राच भरली. शाळा सुटली की पोरी मापाला यायच्या. शिवणवर्गातल्या बायका तुरपाई करायला यायच्या. त्या तीन मुलींपैकी एकीचे वडील, अप्पाराव, एक दिवस स्वतः आले, विजार हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि "हे ठीक हाय" एवढंच म्हणून गेले. त्यांची पोरगी दारामागे उभी राहून ऐकत होती. ती आनंदाने कांताच्या गळ्यातच पडली. कांताच्या फाटलेल्या लाल विजारीचं कापड पुष्पाने वाया जाऊ दिलं नाही. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, कडा आत दुमडल्या आणि प्रत्येक विजारीच्या बाजूने वरून खाली बसवल्या. तिथे ताण नव्हता, साटनला नुसतं चमकायचं होतं. कांता त्या पट्टीवरून बोट फिरवून म्हणाली, "आता आपला संघ."

जोड सामन्याच्या आदल्या दुपारी पुरे झाले. बारावा शर्ट इस्त्रीखाली असताना रामकिसन सर आले. त्यांनी घडी घातलेल्या जोडांची चवड पाहिली, एक टीप नखाने ओढून पाहिली, आणि मग ते पुष्पाला म्हणाले, "वहिनी, उद्या तुम्ही बी टेम्पोत बसायचं."

जालन्याच्या मैदानावर शामियाना होता, लाउडस्पीकर होता आणि आठ तालुक्यांच्या पोरी होत्या. शहरातल्या शाळेचा संघ तयार टी-शर्ट, पांढरे बूट घालून आलेला. हसनाबादच्या पोरी अनवाणी, पण त्या ओळीने मैदानात उतरल्या तेव्हा शेंदरी, निळा आणि बाजूची ती लाल चमक बघून शामियान्यातून कुणीतरी विचारलं, "हे कोन्त्या गावचे?" पुष्पाच्या शेजारी पाळी सोडून आलेला बद्रीनाथ होता. तो एवढ्या जोराने "हसनाबाद!" म्हणून ओरडला, की लाउडस्पीकरवाला थांबला.

पहिला सामना सहज गेला. उपांत्य सामना त्या शहरातल्या शाळेशी. शेवटच्या पाठलागात शेवटचं मिनिट उरलं, दोन्ही संघांचे गुण सारखे. कांता पाठलागाला होती आणि समोरची उंच पोरगी खांबाजवळ तिला दोनदा हुलकावणी देऊन गेली. पुष्पा उभी राहिली. तिला कांता दिसत नव्हती, तिला काखेतली शिवण दिसत होती, बैठकीतला तो जोड दिसत होता. कांताने खांबाला हात घातला, वळली, आणि दोन्ही हात पुढे करून जमिनीला समांतर उडाली. ती पोटावर, गुडघ्यांवर घसरत गेली, धुळीचा लोट उठला, आणि त्या धुळीतून पंचांची शिट्टी वाजली. बोटं त्या पोरीच्या टाचेला लागली होती.

बद्रीनाथ काय ओरडला ते पुष्पाला कळलं नाही, कारण ती स्वतःच ओरडत होती. कांता उठून तिच्याकडे वळली, दोन्ही हातांनी विजारीचे गुडघे पकडून तिला दाखवले. मातीने पिवळे झालेले. एक धागा निघाला नव्हता.

अंतिम सामना शहागडच्या संघाशी झाला, आणि तो हसनाबाद दोन गुणांनी हरला. पोरी पाच मिनिटं रडल्या. मग ढाल मिळाली, दुसऱ्या क्रमांकाची का होईना, पण गावात येणारी पहिली, आणि कांताचं नाव विभागीय संघात निवडलं गेल्याचं लाउडस्पीकरवर आलं. मग त्या पुन्हा रडल्या, पण ते रडणं वेगळं होतं. द्वारकाबाईंना काय काय सांगायचं यावर टेम्पोजवळ भांडण सुरू झालं.

तेवढ्यात शहागडच्या संघाबरोबर आलेल्या बाई, प्रभावतीबाई, पुष्पाला शोधत आल्या. जिंकलेल्या संघाच्या बाई. पण त्यांच्या तीन पोरींच्या हाफपँटी उसवल्या होत्या, एकीने तर कमरेला ओढणी गुंडाळली होती.

"ताई, हे कपडे तुम्ही शिवले म्हणे? कापड कोन्तं हाय?"

"खाली ड्रिल, वर पॉपलीन. दोन्ही सुती," पुष्पा म्हणाली, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. खळ कशी ओळखायची, धागा कसा जाळायचा, आधी का भिजवायचं, साटन का नको. प्रभावतीबाई ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आम्हाला विभागाला जायला वीस दिवस हेत. आमच्या पोरींचे शिवाल का? मापं कधी घेता?"

"आत्ताच," पुष्पा म्हणाली.

मापाची पट्टी घरीच राहिली होती. कांताने आपल्या पिशवीतून एक जादा नाडी ओढून काढली आणि वहिनीच्या हातात दिली. शामियान्याच्या सावलीत शहागडच्या पोरी ओळीने उभ्या राहिल्या. पुष्पा एकेकीची कंबर, उंची, मांडी त्या नाडीने घ्यायची आणि वितीने मोजून आकडा सांगायची. बद्रीनाथ हरल्या-जिंकल्याच्या गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला तो लिहायचा.

"सरळ उभी राहा," ती पहिल्या पोरीला म्हणाली. मग काहीतरी सुचलं आणि तिने हात हलवला. "न्हाई, थांब. आधी खो-खोत बसती तशी बस बघू. तसंच माप घेते."